ऑपरेशन आयव्ही: दोन वर्षं, एक अल्बम आणि ट्रंपेटशिवायचा स्का

प्रश्न थोडक्यात असा आहे. कॉलेजातल्या चौघा मित्रांचा बँड आहे: एक गिटार, एक बेस, एक ड्रमर आणि एक गाणारा. रॅन्सिड हा अमेरिकी पंक बँड ऐकता ऐकता ते त्याच्या आधीच्या ऑपरेशन आयव्ही या बँडपर्यंत पोहोचले. त्यांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत. जेमतेम दोन वर्षं टिकलेल्या आणि एकच अल्बम काढलेल्या या बँडचं एवढं नाव कशामुळे? ऐकायला सुरुवात कुठून करायची? आणि ट्रंपेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन वाजवणारं कुणीच नसेल तर स्का पंक, म्हणजे जमैकाचा स्का आणि पंक रॉक यांचं मिश्रण, वाजवता येतं का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण पहिल्या दोघांची उत्तरं त्यातच दडलेली आहेत. हो, वाजवता येतं. ऑपरेशन आयव्हीमध्येही चारच जण होते आणि वाद्यं नेमकी तुमच्याकडे आहेत तीच. मी बरीच वर्षं बेस वाजवते आणि शिकवते. या शैलीकडे वळणारी मुलं पहिल्याच दिवशी ट्रंपेटवाल्याच्या शोधात निघतात आणि महिनाभरात नाद सोडून देतात. स्काचा जीव गिटारवाल्याच्या मनगटात आणि बेसमध्ये असतो. हे ज्यांनी डोळ्यांत भरेल असं सिद्ध केलं, ती ही चार पोरं.

ट्रंपेट आणि स्का यांची जोडी कशी जमली हे आधी सांगते. स्का जमैकाचा. 1950 च्या दशकात किंग्स्टनमध्ये मोठाले स्पीकर आणि रेकॉर्डप्लेअर घेऊन रस्त्यावर नाच भरवणारे लोक होते, त्यांना साऊंड सिस्टिम म्हणत. तिथे अमेरिकी रिदम अँड ब्लूजच्या तबकड्या वाजायच्या. पुढे तसं संगीत किंग्स्टनमध्येच रेकॉर्ड व्हायला लागलं आणि स्थानिक वादकांनी ऑफबीटवरचा, म्हणजे दोन मात्रांच्या मधल्या जागेवरचा जोर वाढवत वाढवत नेला. 1962 मध्ये देश स्वतंत्र झाला, त्या सुमाराला हे संगीत तिथल्या घराघरांत पोहोचलं होतं. त्या काळचा सगळ्यात मातब्बर बँड म्हणजे द स्कॅटलाइट्स. त्यातले डॉन ड्रमंड, टॉमी मकूक, जॉनी मूर, लेस्टर स्टर्लिंग हे सगळे किंग्स्टनच्या अल्फा बॉईज स्कूलचे विद्यार्थी. कॅथलिक जोगिणी चालवत असलेल्या या शाळेत गरीब घरच्या मुलांना बँडची वाद्यं शिकवत. म्हणजे फुंकवाद्यं स्कामध्ये आली ती त्या शहरात ती वाजवणारे एकाहून एक कसबी लोक होते म्हणून. त्यांच्याशिवाय ठेका उभा राहत नाही, असं काही नव्हतं.

1979 मध्ये इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत जेरी डॅमर्सने टू टोन ही कंपनी काढली. द स्पेशल्स, द सिलेक्टर, मॅडनेस या बँडनी जुना स्का पंकच्या वेगाने वाजवायला घेतला. गोरी आणि काळी मुलं एकाच मंचावर, हा त्यांचा जाहीरनामाच होता. स्पेशल्सच्या तबकड्यांवर ट्रॉम्बोन वाजवणारे रिको रॉड्रिग्ज हेही अल्फा शाळेचेच. या तबकड्या अमेरिकेत पोहोचल्या. तिथे न्यूयॉर्कमध्ये द टोस्टर्स, लॉस एंजेलिसमध्ये फिशबोन आणि बॉस्टनमध्ये द मायटी मायटी बॉसटोन्स आपापल्या परीने हे वाजवू लागले.

आता कॅलिफोर्निया. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीपलीकडच्या पट्ट्याला ईस्ट बे म्हणतात. त्यातल्या ऑल्बनी या छोट्या गावात टिम आर्मस्ट्राँग आणि मॅट फ्रीमन लहानपणापासूनचे मित्र. दोघे आधी बेसिक रेडिओ नावाच्या बँडमध्ये होते. तो मोडल्यावर 1987 च्या मे महिन्यात त्यांनी जेसी मायकल्स हा गायक आणि डेव्ह मेलो हा ड्रमर सोबत घेऊन नवा बँड सुरू केला. टिम गिटारवर, मॅट बेसवर. टिमला तेव्हा सगळे लिंट म्हणत आणि तबकड्यांवरही तेच नाव छापलं आहे. बँडचं नाव घेतलं 1952 सालच्या अमेरिकी अणुचाचण्यांवरून. प्रशांत महासागरातल्या एनेवेटॉक बेटांवर त्या चाचण्या झाल्या आणि त्यातलीच एक पहिल्या हायड्रोजन बॉम्बची. शीतयुद्धाच्या छायेत वाढलेल्या मुलांनी असं नाव उचललं यात आश्चर्य नाही. गाण्यांमध्येही ती धास्ती जागोजागी आहे.

या बँडची गोष्ट बर्कलीतल्या 924 गिलमन स्ट्रीट या पत्त्याशिवाय सांगता येत नाही. 1986 च्या शेवटच्या रात्री तिथे एक जागा सुरू झाली. मॅक्झिमम रॉकनरोल हे पंकचं मासिक चालवणारा टिम योहानन तिच्यामागे होता. सगळा कारभार स्वयंसेवकांचा, नफा नाही, दारू नाही, मारामारी नाही. वंशभेद किंवा बायकांचा अपमान करणारी गाणी चालणार नाहीत, आणि कुठल्याही वयाच्या मुलाला प्रवेश. या शेवटच्या नियमाचं महत्त्व आपल्याकडच्या वादकांना समजावून सांगावं लागणार नाही. अमेरिकेत बहुतेक बँड बारमध्ये वाजवत आणि बारमध्ये एकवीस वर्षांखालच्यांना मज्जाव. म्हणजे ज्यांच्यासाठी हे संगीत, तेच दाराबाहेर. गिलमनने ते दार उघडलं. त्या काळात दक्षिण कॅलिफोर्नियापासून न्यूयॉर्कपर्यंत पंकच्या कार्यक्रमांत मारझोड नित्याची झाली होती, लोक कंटाळले होते. ऑपरेशन आयव्हीने तिथे असं काही वाजवलं, की समोरच्याला ढकलण्याऐवजी नाचावंसं वाटे. ‘युनिटी’ हे गाणं आज ऐकताना भाबडं वाटेल. पण डोकी फुटणाऱ्या खोलीत उभं राहून विशीतल्या पोराने भांडणं थांबवा असं ओरडून सांगणं, याला धाडस लागतं. जेसीच्या आवाजात ते धाडस ऐकू येतं म्हणून मला ते गाणं अजूनही आवडतं.

त्यांच्या नावावर फारच थोडं रेकॉर्डिंग आहे. 1987 मध्ये मॅक्झिमम रॉकनरोलने काढलेल्या संकलनात दोन गाणी. जानेवारी 1988 मध्ये ‘हेक्टिक’ ही सहा गाण्यांची सात इंची तबकडी. ती काढली लॅरी लिव्हरमोर आणि डेव्हिड हेज यांच्या लुकआऊट या नवख्या कंपनीने. आणि 1989 मध्ये ‘एनर्जी’, एकोणीस गाण्यांचा एकमेव अल्बम, सगळा मिळून चाळीस मिनिटांच्या आत. तो आधी गिलमनमध्येच रेकॉर्ड करायचा घाट घातला होता. जागा आपली, लोक आपले, मग आवाजही तिथलाच हवा. पण रेकॉर्डिंग मनासारखं होईना, तेव्हा ते टाकून दिलं आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टुडिओत केव्हिन आर्मीबरोबर पुन्हा केलं. मुखपृष्ठापासून सगळी चित्रं जेसीने स्वतः काढलेली. तो नाचणारा माणूस आजही मुलांच्या जॅकेटवर दिसतो.

आता वाजवण्याकडे वळूया, कारण तुम्हाला खरी गरज त्याची आहे.

एक, दोन, तीन, चार अशा टाळ्या द्या. टाळी पडते तिथे गिटार गप्प. टाळीनंतर हात उघडतात, त्या क्षणी गिटारचा स्ट्रोक. झाला स्का. स्ट्रोक बहुतेक वेळा खालून वर, पातळ तारांवर. आणि यातली मुख्य कामगिरी डाव्या हाताची असते. कॉर्ड वाजल्या वाजल्या बोटांचा दाब काढायचा, बोटं तारांवरून उचलायची मात्र नाहीत. आवाज तिथेच तुटला पाहिजे. तो रेंगाळला की रेगे (जमैकाचाच संथ प्रकार) होतो आणि फारच रेंगाळला की काहीच होत नाही. उघड्या तारांच्या कॉर्ड म्हणूनच इथे कामाच्या नाहीत, त्या म्यूट होत नाहीत. पाचव्या फ्रेटच्या आसपास बार कॉर्ड, म्हणजे एक बोट सगळ्या तारांवर आडवं दाबून धरायची कॉर्ड, धरा, म्हणजे सगळ्या तारा बोटांच्या ताब्यात राहतात.

टिमचा स्का ऐकताना एक गोष्ट लक्षात घ्या. इंग्लंडच्या टू टोन बँडची गिटार स्वच्छ, काचेसारखी. टिमच्या गिटारला स्काच्या भागातही खरखर आहे. त्यामुळे स्कामधून पंकमध्ये जाताना आवाज एकदम बदलल्यासारखा वाटत नाही, तोच आवाज फक्त बांध फोडून वाहायला लागतो. मुलं इथे हमखास एक घोटाळा करतात. स्कासाठी एकदम क्लीन आवाज, कोरस आला की पेडलवर पाय आणि कानठळ्या. मग दोन वेगळी गाणी एकमेकांना चिकटवल्यासारखी वाटतात. त्यापेक्षा अँपवर थोडं डिस्टॉर्शन कायम ठेवा आणि स्काच्या कडव्यात गिटारचा व्हॉल्यूम थोडा कमी करा. बाकीचं काम मनगट करतं.

दुसरी गोष्ट वेगाची. स्कामधून पंकमध्ये गेल्यावर गाणं धावतंय असं वाटतं, पण मूळ टेम्पो साधारण तोच असतो. बदलतं ते इतकंच, की गिटारवाला फक्त मधल्या जागांवर न वाजवता मात्रा आणि मधली जागा दोन्ही भरायला लागतो, स्ट्रोक वरून खाली होतात आणि ड्रमर स्नेअर ड्रमचे ठोके दुप्पट करतो. टेम्पोला हात न लावता वेग वाढल्याचा भास. ‘साऊंड सिस्टिम’ लावून पायाने मात्रा धरा आणि गाणं कितीही उसळलं तरी पाय बदलू नका. हे दहा-बारा वेळा केलंत की शैलीचं अर्धं गुपित हातात येतं. तालमीत मेट्रोनोम लावा, पण त्याची टिक ही टाळी समजू नका, टिक म्हणजे गिटारचा स्ट्रोक असं धरा. म्हणजे टिक मधल्या जागेवर, आणि मात्रा तुमच्या पायाने स्वतः शोधायची. सुरुवातीला डोकं फिरेल, दोन मिनिटांत टिक पुन्हा मात्रेवर जाऊन बसेल. थांबा, पुन्हा धरा. ज्या दिवशी पूर्ण गाणंभर टिक मधल्या जागेवर टिकेल, त्या दिवशी तुमचा गिटारवाला तयार.

आणि बेस. इथे माझा पक्षपात उघड आहे, पण ऑपरेशन आयव्हीमध्ये ट्रंपेटची उणीव भासत नाही ती मॅट फ्रीमनमुळे, यावर मी ठाम आहे. पंकमधला सर्वसाधारण बेसवाला गिटारची मूळ नोट धरून तीच ठोकत राहतो. मॅट एका जागी थांबत नाही. कॉर्डच्या सुरांवरून वर चढतो, पुढच्या कॉर्डची वाट मधल्या सुरांनी जोडतो आणि ओळ संपली की रिकाम्या जागेत एक छोटी तान टाकून परततो. जमैकाचे जुने बेसवादक जॅझमधून आले होते, त्यांची चालती बेसलाइन त्याने पंकच्या वेगात बसवली. एखाद्या आठ जणांच्या बँडमध्ये गायकाच्या दोन ओळींमध्ये ट्रंपेट जे उत्तर देतो, ते इथे बेस देतो. ‘युनिटी’ आणि ‘द क्राउड’ फक्त बेसवर कान ठेवून ऐका. तुमच्या बेसवाल्याला सांगा, प्रत्येक कॉर्डचे पहिला, तिसरा, पाचवा आणि सहावा सूर हाताखाली बसव, मग त्यांच्यातून चालायला लाग. गिटार जितकी कमी वाजते तितकी बेसला मोकळी जागा, म्हणून स्काच्या कडव्यात गिटारवाल्याने हौसेने काही भरायला जाऊ नये.

अख्ख्या अल्बमवर फुंकवाद्य ऐकू येतं ते ‘बॅड टाऊन’मधला सॅक्सोफोन, तोही पाहुण्या वादकाचा. ते गाणं सुंदरच आहे. पण त्याच्या आजूबाजूची गाणी ऐकताना सॅक्सोफोन का नाही, असं एकदाही मनात येत नाही.

जेसीच्या शब्दांविषयी लिहायला स्वतंत्र लेख हवा. तो उपदेशाच्या काठावर जातो आणि प्रत्येक वेळी परत फिरतो, कारण बोट आधी स्वतःकडे वळवतो. ‘नॉलेज’मध्ये पुढे आयुष्याचं काय करायचं हे न कळण्याची कबुली आहे, ‘रूम विदाउट अ विंडो’मध्ये डोक्यातल्या भिंतींविषयी बोलणं आहे. लेखक लिओनार्ड मायकल्स यांचा हा मुलगा, घरात शब्दांचा वावर होताच. आणि गाण्याची ढब अशी की कोरसमध्ये कुणीही सामील व्हावं. गिलमनमध्ये माईक गर्दीत जायचा आणि अर्धं गाणं समोरचेच म्हणायचे. तुमच्या चौथ्या मित्राने सुरेल गाण्याचा ताण घेऊ नये. शब्द ठेक्यावर नीट पडले पाहिजेत आणि म्हणणं मनापासून हवं.

1988 मध्ये त्यांनी एका जुन्या गाडीत दाटीवाटीने बसून अमेरिकेचा दौरा केला. परतल्यावर नाव पसरत गेलं, गिलमनमध्ये गर्दी मावेना. इथेच ते थांबले. 28 मे 1989 ला गिलमनमध्ये शेवटचा कार्यक्रम. त्याच रात्री आणखी एक कोवळा बँड मंचावर होता, आधीचं स्वीट चिल्ड्रन हे नाव टाकून नव्या नावाने उतरलेला: ग्रीन डे. पुढे त्यांनी ‘नॉलेज’ आपल्या तबकडीवर वाजवलंही. ऑपरेशन आयव्ही का मोडला यावर लोक अजून वाद घालतात. मला कारण सरळ दिसतं. त्यांची गाणी एका खोलीसाठी, ओळखीच्या चेहऱ्यांसाठी होती. अनोळखी गर्दीचं आणि वाढत्या अपेक्षांचं ओझं जेसीला नकोसं झालं. पैशाच्या वाटणीवरून कचाकचा भांडून संपण्यापेक्षा हे कितीतरी बरं, आणि त्यांचं एकही वाईट रेकॉर्डिंग मागे राहिलं नाही हा श्रोत्यांचा फायदा.

पुढचं झरझर सांगते. टिम आणि मॅटने डान्स हॉल क्रॅशर्स सुरू केला आणि लवकरच सोडला. टिम दारूच्या व्यसनात खोल गेला, त्यातून सावरला आणि 1991 मध्ये दोघांनी ब्रेट रीड या ड्रमरला घेऊन रॅन्सिड उभा केला. 1995 चा ‘अँड आऊट कम द वुल्व्ह्ज’ तुम्ही ऐकलेलाच आहे. मोठ्या कंपन्या मागे लागल्या होत्या, तरी तो एपिटाफ या स्वतंत्र कंपनीकडूनच निघाला आणि अमेरिकेत दहा लाखांवर खपला. त्यातलं ‘जर्नी टू द एंड ऑफ द ईस्ट बे’ हे ऑपरेशन आयव्हीच्याच दिवसांवर आहे. ‘टाइम बॉम्ब’ हे त्यांचं सगळ्यात गाजलेलं स्का गाणं. त्यातही ट्रंपेट नाही, विक रुजिएरोने वाजवलेला ऑर्गन आहे, तो गिटारबरोबर ऑफबीट धरतो. जेसीने नंतर कॉमन रायडर आणि क्लासिक्स ऑफ लव्ह हे बँड केले. कॉमन रायडरचा ‘लास्ट वेव्ह रॉकर्स’ जरूर ऐका. लुकआऊटकडे रॉयल्टी थकल्यावर 2006 मध्ये बँडने आपलं संगीत तिथून काढून घेतलं आणि 2007 मध्ये ते टिमच्या हेलकॅट कंपनीकडून पुन्हा आलं. त्याच टिमने जमैकाच्या जिमी क्लिफ यांच्या ‘रीबर्थ’ या अल्बमची निर्मिती केली, त्याला 2013 मध्ये रेगेचं ग्रॅमी मिळालं आणि त्यात क्लिफ यांनी रॅन्सिडचं ‘रुबी सोहो’ गायलं आहे. किंग्स्टनहून निघालेला ठेका ईस्ट बेच्या पोरांनी उचलला आणि किंग्स्टनच्या थोर गायकाने त्यांचं गाणं आपलं म्हणून गायलं, याहून मोठी पावती मला तरी माहीत नाही.

नव्वदच्या दशकात स्का पंकची लाट आली. नो डाऊट, सब्लाइम, गोल्डफिंगर, लेस दॅन जेक, रील बिग फिश. 1997 मध्ये बॉसटोन्सचं ‘द इम्प्रेशन दॅट आय गेट’ रेडिओवर सतत वाजत होतं. त्यातलं बरंच मला आवडतं. पण त्या लाटेत अनेक बँडनी साध्या पंक गाण्यावर वरून ट्रंपेटचा मुलामा दिला आणि खाली ठेका पोकळ ठेवला. लाट ओसरली तेव्हा तेच आधी विसरले गेले.

ऐकायचा क्रम. आज ‘ऑपरेशन आयव्ही’ याच नावाने मिळतो तो 1991 चा संग्रह: अख्खा ‘एनर्जी’, ‘हेक्टिक’ची सहा गाणी आणि त्या संकलनातली दोन, एकूण सत्तावीस. पहिल्या गाण्यापासून सुरू करू नका. ‘नॉलेज’ उत्तम आहे, पण त्यात स्का जवळजवळ नाही. आधी ‘साऊंड सिस्टिम’, मग ‘युनिटी’, ‘टेक वॉर्निंग’, ‘बॅड टाऊन’. नंतर ‘नॉलेज’ आणि बाकीचं. त्यानंतर मागे जा: द स्पेशल्सचा 1979 चा पहिला अल्बम, आणि तिथून स्कॅटलाइट्स. आपल्याकडे दिल्लीच्या द स्का व्हेंजर्सना ऐका, ते फुंकवाद्यांसह अगदी वेगळ्या वाटेने जातात. पुढेमागे ट्रंपेट घ्यावासा वाटलाच, तर जरूर घ्या. मुंबई-गोव्याला गोव्याच्या ट्रंपेटवाल्यांची मोठी परंपरा आहे, हिंदी सिनेमाची किती गाणी त्यांनी तोलली आहेत. फक्त आधी चौघांनी ठेका पक्का करा, मग पाहुण्याला बोलवा.

पहिल्या तालमीसाठी दोनच कॉर्ड घ्या, ए मायनर आणि जी. सोळा मात्रा स्का, सोळा मात्रा पंक, पुन्हा स्का. गाणाऱ्याने गायचं नाही, टाळी धरायची आणि टेम्पो हलला की हात वर करून थांबवायचं. बेसवाल्याचा आवाज गिटारपेक्षा वर ठेवा. हे मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि ऐकताना एवढंच तपासा: पंकमधून स्कामध्ये परत येताना ड्रमर घाई करतो का. जवळपास सगळेच करतात, हात तापलेले असतात. तो सांधा बसला की ‘टेक वॉर्निंग’ बसवायला घ्या.